पेट्रोलच्या दरात कार्बन शुल्क किती आणि विक्रेत्याचा हात किती?

प्रश्न : रामबागकर (इंदूर)

गेल्या आठवड्यात कपाट आवरताना माझी एक जुनी, खिशात मावणारी वही सापडली आणि बरेच दिवस मनात पडून असलेला प्रश्न पुन्हा वर आला. २०२४ च्या जून-जुलैमध्ये मी आणि पत्नी ऑकलंडला मुलीकडे राहिलो होतो. उभा जन्म हिशेबनिशीत गेल्यामुळे दिसेल तो आकडा टिपून ठेवण्याची मला खोड आहे. जावई गाडीत पेट्रोल भरत असताना मी समोरच्या फलकावरील दर वहीत उतरवून घेत असे. त्यांच्या घराजवळ एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर दोन पंप होते. ३० जूनला ऑकलंडपुरता लावलेला प्रादेशिक इंधन कर संपला. तो लिटरमागे १० सेंट होता आणि त्यावरील जीएसटी मिळवून साडेअकरा सेंट. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम त्याच रस्त्याने फिरायला गेलो. एका पंपाने दर पुरता उतरवला होता. दुसऱ्याने निम्माच उतरवला होता आणि उरलेला चौथ्या दिवशी उतरवला.

जावयांना ही गोष्ट सांगितली तेव्हा ते म्हणाले, "बाबा, तो कर निदान सर्वांना माहीत होता. पेट्रोलमध्ये कार्बनचा आकार, म्हणजे इंधन जळून होणाऱ्या उत्सर्जनाबद्दलचे शुल्क, नेमका किती असतो हे इथे दहांतल्या नऊ जणांना सांगता येणार नाही आणि दर वाढला की प्रत्येक जण त्याच्याकडेच बोट दाखवतो."

इंदूरला परतल्यावर आमच्या रविवारच्या पोह्यांच्या बैठकीत हा विषय अनेकदा निघाला. एका मित्राचे ठाम मत असे की, आपल्याकडेही आता कार्बन बाजार येतो आहे आणि तो आला की पंपवाल्यांचे फावेल. तीन रुपये शुल्क लागले तर ते पाच वाढवतील आणि वर सरकारचे नाव सांगतील. दुसऱ्याचे म्हणणे, गुजरातच्या हद्दीवरचे दाहोद ओलांडले की लिटरमागे दहा-बारा रुपये वाचतात, तेव्हा आपल्याला लुटण्यासाठी कार्बनची गरजच काय? मला दोन्ही मते घाईची वाटतात, पण ती खोडून काढण्याइतकी माहिती माझ्यापाशी नाही. असे शुल्क लागू झाल्यावर वाढलेल्या दरातील शुल्क किती आणि विक्रेत्याने मारलेला हात किती, हे सामान्य ग्राहकाला घरबसल्या काढता येते काय? आणि इंदूरचा पंपचालक असा हात मारू शकतो काय? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर १ : डेपोतला_माणूस (इंदूर)

रामबागकरसाहेब, माझी नोकरी मांगलियाच्या तेल डेपोत झाली, त्यामुळे आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो.

सरकारी तेल कंपन्यांच्या पंपावर दर पंपचालक ठरवत नाही. रोज सकाळी सहा वाजता लागू होणारा दर कंपनीकडून येतो आणि तोच यंत्रात चढतो. ही रोजच्या दराची पद्धत १६ जून २०१७ पासून देशभर आहे. त्यापूर्वी दर पंधरवड्याने, महिन्याच्या १ आणि १६ तारखेला बदलत. पंपचालकाला मिळते ते ठरलेले कमिशन. ते २०१७ नंतर थेट ऑक्टोबर २०२४ मध्ये वाढले, तेव्हा पेट्रोलवर लिटरमागे ६५ पैशांची भर पडली, आणि आज ते साधारण चार-साडेचार रुपयांच्या घरात आहे. वीज, नोकरांचे पगार, बाष्पीभवनाची घट आणि बँकेचे व्याज सारे त्यातूनच जाते. खासगी कंपन्यांच्या पंपांवर दर वेगळा असू शकतो, पण तोही गल्ल्यावर बसलेला माणूस ठरवत नाही, कंपनी ठरवते. त्यामुळे उद्या कार्बन शुल्क आले आणि त्याच्या निमित्ताने पंपवाल्याने मनाने दोन रुपये जास्त लावले, हे आपल्याकडे घडण्यासारखे नाही.

आता पंपाच्या टाकीतील साठ्याविषयी, कारण लोकांचा खरा राग तिथे आहे. समजा टाकीत २०,००० लिटर पेट्रोल आहे आणि सकाळी दर एक रुपयाने वाढला, तर पंपचालकाला काही न करता २०,००० रुपये मिळतात. पंधरवडा पद्धतीच्या काळात दर वाढणार अशी कुणकुण लागली की महिनाअखेरीच्या संध्याकाळी काही पंपांवर दोरी बांधून "माल संपला" अशी पाटी लागे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर न येताच माल उगवे. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. परंतु उलटा मार त्याहून मोठा बसतो. २१ मे २०२२ रोजी केंद्राने पेट्रोलवरील उत्पादन शुल्क आठ रुपयांनी घटवल्याचे संध्याकाळी जाहीर केले आणि मध्य प्रदेशात दुसऱ्या दिवशी दर साडेनऊ रुपयांच्या आसपास उतरला. त्या रात्री ज्याची टाकी भरलेली होती, त्याचे जवळजवळ दोन लाख बुडाले. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला अनेक राज्यांतील पंपचालकांनी कंपन्यांकडून माल न उचलता निषेध केला, त्यामागे कमिशनच्या जोडीला हेही दुखणे होते.

पहिल्या प्रश्नाचे गणित सोपे आहे. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. पेट्रोल लिटरला पाऊण किलोसुद्धा भरत नाही, मग त्यातून सव्वादोन किलो वायू कसा, असे लोक विचारतात. उरलेले वजन हवेतल्या ऑक्सिजनचे असते. म्हणजे टनामागे जो काही कार्बनचा भाव असेल, त्याला २.३ ने गुणून १००० ने भागले की लिटरमागचा आकार मिळतो. टनाला १००० रुपये भाव धरला तर लिटरला २ रुपये ३० पैसे. दर त्याहून जास्त वाढला तर उरलेल्या वाढीचा जाब कच्चे तेल, डॉलर आणि विक्रेता यांना विचारावा.

उत्तर २ : सुदामानगरची_लेक (सध्या न्यूझीलंड)

रामबागकर काका, माझे माहेर सुदामानगरचे, म्हणून आपला प्रश्न वाचून राहवले नाही. इथली हकिगत थोडी खोलात जाऊन सांगते, कारण विक्रेते कार्बनच्या आडून दर वाढवतात हा आरोप इथे अगदी पहिल्या दिवसापासून झालेला आहे.

न्यूझीलंडमध्ये वाहनांचे इंधन उत्सर्जन व्यापार योजनेत आले ते १ जुलै २०१० रोजी. पंपाला यात काहीच भरावे लागत नाही. इंधन आयात करणाऱ्या किंवा शुद्ध करून बाजारात सोडणाऱ्या कंपनीने उत्सर्जनाच्या प्रमाणात कार्बन युनिट, म्हणजे टनामागे एक असे विकत मिळणारे उत्सर्जनाचे परवाने, सरकारजमा करायचे असतात. सुरुवातीला सवलत होती : दोन टनांमागे एकच युनिट आणि युनिटची कमाल किंमत २५ डॉलर. डेपोतल्या काकांचे सूत्र लावून पाहा. २५ ला २.३ ने गुणले तर लिटरमागे पावणेसहा सेंट, त्याचे निम्मे म्हणजे तीन सेंटांच्या आत-बाहेर. तेव्हा दर तीन सेंटांनी वाढणार असेच सांगितले गेले होते. इथवर कुणाची तक्रार नसावी.

खरी मौज पुढे आहे. २०११ मध्ये २० डॉलरच्या आसपास असलेले युनिट २०१३ पर्यंत दोन-तीन डॉलरवर घसरले, कारण परदेशी स्वस्त युनिट वापरण्याची मुभा होती. म्हणजे लिटरमागचा कार्बनचा खर्च सव्वादोन सेंटांवरून अर्ध्या सेंटाच्याही खाली आला. पण पंपावर "कार्बन स्वस्त झाला, दर उतरवला" अशी पाटी मी तरी कधी पाहिली नाही. इथले व्यापार मंत्रालय दर आठवड्याला पेट्रोलच्या दराची फोड प्रसिद्ध करते आणि त्यात आयातदाराकडे उरणारा हिस्सा वेगळा दाखवते. त्या दशकात तो हिस्सा वाढत गेला. पुढे वाणिज्य आयोगाने इंधन बाजाराची चौकशी केली आणि डिसेंबर २०१९ च्या अहवालात कंपन्या वाजवीपेक्षा जास्त नफा कमावत आल्या असे म्हटले. त्यातून २०२० चा इंधन उद्योग कायदा आला आणि घाऊक टर्मिनलवरचा दर जाहीर करणे कंपन्यांना भाग पडले. दोष कार्बन शुल्कावर ठेवलेला नव्हता. आयोगाच्या मते दुखणे होते ते घाऊक बाजारात पुरेशी स्पर्धा नसण्याचे.

एक बारकावा राहिला. युनिट साठवून ठेवता येते. एखाद्या कंपनीने स्वस्ताईत घेतलेले युनिट महागाईत वापरले आणि ग्राहकाकडून मात्र आजच्या भावाने कार्बन वसूल केला, तर ती लबाडी म्हणावी काय? सियागंजच्या व्यापाऱ्याने जुन्या भावात घेतलेला तेलाचा डबा नव्या भावात विकला तर आपण कुरकुर करतो, पण त्याला चोर म्हणत नाही. माझे मत असे की, हे व्यापारात बसते. मात्र मग भाव पडल्यावरही आजच्याच भावाने वसुली व्हावी. चढताना आजचा भाव आणि उतरताना खरेदीचा भाव, हे चालणार नाही.

२०२४ मध्ये आपण इथे होता तेव्हा युनिट ५० डॉलरच्या आसपास होते आणि निम्म्याची सवलतही संपलेली होती. म्हणजे कार्बनचा आकार साडेअकरा सेंट आणि वर जीएसटी. प्रादेशिक करापेक्षा थोडा जास्तच! आपल्या जावयांना हे जरूर कळवा.

उत्तर ३ : राऊची_व्हॅन

मी शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतो आणि पेट्रोलशी माझा संबंध रोजचा आहे. डेपोतल्या साहेबांचे म्हणणे मान्य आहे की दर पंपवाला ठरवत नाही. पण ग्राहकाकडून जास्त पैसे काढण्यासाठी दरच वाढवावा लागतो असे कुठे आहे? राऊच्या बाजूला एका पंपावर मला तीन वेळा सांगण्यात आले की साधे पेट्रोल संपले आहे, महागडे भरा. तिसऱ्या वेळी माझ्याच मागे उभ्या असलेल्या ओळखीच्या माणसाला साधे मिळाले. मी व्यवस्थापकाकडे गेलो, तर ते म्हणाले, "पोरगा नवीन आहे." पोरगा दोन वर्षांपासून तिथेच होता. त्या दिवसापासून मी प्रत्येक वेळी नोझल हातात घेण्यापूर्वीच साधे की महागडे ते मोठ्याने सांगतो, शून्य पाहतो आणि पावती घेतो. संशय आला तर पाच लिटरचे मुद्रांकित माप मागता येते. ते पंपावर असावेच लागते आणि पाच लिटरला २५ मिलिलिटरपर्यंतचाच फरक चालतो. पहिल्यांदा माप मागितले तेव्हा मागच्या रांगेने मला जे काही ऐकवले, ते इथे लिहिण्यासारखे नाही.

आता दुसरी गोष्ट, जी लिहावी की नाही याचा मी दोन दिवस विचार केला. २०२२ च्या मार्च-एप्रिलमध्ये पंधरा दिवसांत पेट्रोल दहा रुपयांनी वाढले, इंदूरला ११८ च्या आसपास गेले, तेव्हा मी प्रत्येक मुलामागे महिन्याला १५० रुपये वाढवले. पालकांना सांगितले की पेट्रोलमुळे नाइलाज आहे, आणि तो खराच होता. मे महिन्यात दर साडेनऊ रुपयांनी उतरला. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर मी १५० रुपये कमी केले नाहीत. कुणी विचारलेही नाही. माझी व्हॅन महिन्याला साधारण १०० लिटर पेट्रोल पिते आणि मुले १४ आहेत. हिशेब रामबागकरांनी करावा. तेव्हा पेट्रोलच्या नावाने हात कोण मारतो, या प्रश्नाचे उत्तर देताना बोट एकट्या पंपाकडे वळवू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

उत्तर ४ : करपंचाईत (पलासिया, इंदूर)

चर्चा चांगली चालली आहे, पण डेपोतल्या काकांच्या गणितात एक पायरी राहिली आहे. मध्य प्रदेशात पेट्रोलवर २९ टक्के व्हॅट, वर लिटरमागे अडीच रुपये आणि एक टक्का उपकर आहे. टक्केवारीने लागणारा हा कर मूळ किंमत, केंद्राचे उत्पादन शुल्क आणि कमिशन या सर्वांवर बसतो. कार्बन शुल्क त्या आधी मिळवले गेले, तर २ रुपये ३० पैशांचे पंपावर जवळजवळ तीन रुपये होतात. ते ७० पैसे विक्रेत्याच्या खिशात जाणार नाहीत, भोपाळला जातील. परंतु पावती पाहणाऱ्या ग्राहकाला ते नफेखोरीसारखेच दिसतील. जर्मनीत २०२१ मध्ये टनाला २५ युरो भाव लागला तेव्हाही हेच झाले. शुल्क सहा सेंटांच्या आसपास होते आणि १९ टक्के मूल्यवर्धित करामुळे ग्राहकाला ते सात सेंटांना पडले. दाहोदचे कोडेही इथेच सुटते : गुजरातचा व्हॅट १३.७ टक्के आणि वर चार टक्के उपकर, एवढाच आहे. त्यात लुटीचा काही संबंध नाही, विधानसभा वेगळ्या आहेत.

आपल्याकडचा कार्बन बाजार म्हणजे २०२३ मध्ये अधिसूचित झालेली कार्बन क्रेडिट व्यापार योजना. तिच्या कक्षेत तेलशुद्धीकरण कारखाने आहेत, पण कारखान्याच्या स्वतःच्या धुरासाठी. आपल्या स्कूटरमध्ये जळणाऱ्या पेट्रोलसाठी नव्हे. न्यूझीलंडच्या योजनेशी तिची तुलना करताना हा फरक विसरता कामा नये. कार्बनवरचा आपला खरा जुना कर कोळशावर होता. २०१० मध्ये टनाला ५० रुपयांनी सुरू झालेला उपकर २०१६ पर्यंत ४०० वर गेला आणि पुढे जीएसटीच्या भरपाई उपकरात विरघळला. विजेच्या बिलात त्याचा वाटा किती, हे आपल्यापैकी कुणी कधी काढून पाहिले?

आता मतभेदाचा मुद्दा. पंपचालक हात मारू शकत नाही हे खरे, पण त्यावरून कुणीच मारत नाही असे ठरत नाही. मे २०२२ नंतर दरफलक जवळजवळ दोन वर्षे गोठलेला होता आणि मार्च २०२४ मध्ये, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, दोन रुपये उतरला. या काळात भारताला पडणारे कच्चे तेल २०२२-२३ मधील सरासरी ९३ डॉलरवरून पुढच्या वर्षी ८२-८३ डॉलरवर आले होते. आधीच्या वर्षाच्या पहिल्या सहामाहीत तोटा सोसलेल्या तीन सरकारी कंपन्यांचा २०२३-२४ चा एकत्रित नफा सुमारे ८१,००० कोटी रुपये झाला. एप्रिल २०२५ मध्ये केंद्राने उत्पादन शुल्क दोन रुपयांनी वाढवले, पण पंपावरचा दर हलला नाही, कारण तेल उतरल्यामुळे ते दोन रुपये कंपन्यांच्या पोटात मावले. जे दोन रुपये आपल्याला मिळायचे होते ते आपल्याला न दिसताच दुसरीकडे गेले. दर वाढला की आरडाओरडा होतो. उतरायला हवा असताना जागेवर राहिला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. रॉबर्ट बेकन या अर्थतज्ज्ञाने १९९१ मध्ये ब्रिटनच्या पेट्रोलविषयी हेच दाखवले होते : दर चढतात अग्निबाणासारखे आणि उतरतात पिसासारखे.

उलट उदाहरणही देते. कॅनडात पेट्रोलवरचे कार्बन शुल्क लिटरमागे १७.६ सेंट होते आणि ते १ एप्रिल २०२५ पासून रद्द झाले. आकडा आणि तारीख दोन्ही घरोघरी माहीत असल्यामुळे बहुतेक ठिकाणी दर लगेच उतरले. पंपाला लपायला जागाच नव्हती. ऑस्ट्रेलियात २०१२ मध्ये कार्बन कर आला तेव्हा साध्या मोटारीचे पेट्रोल त्यातून वगळलेले होते, आणि तरीही एका बेकरी साखळीच्या प्रमुखाने आपल्या दुकानदारांना, भाव वाढवा आणि दोष कार्बन कराला द्या, असे लिहून कळवले होते. ते पत्र बाहेर आले आणि तेथील ग्राहक आयोगाने कंपनीला धारेवर धरले. आपल्याकडे असे पकडायला कायदा होता, जीएसटीतील नफेखोरीविरोधी तरतूद. पण पेट्रोल जीएसटीच्या बाहेर आहे आणि त्या तरतुदीखाली नव्या तक्रारी घेणेही एप्रिल २०२५ पासून बंद झाले आहे.

डेपोतला_माणूस

करपंचाईत ताई, व्हॅटची पायरी राहिली हे कबूल. कंपन्यांविषयी मात्र एक सांगतो. २०२२ मध्ये युद्धामुळे तेल भडकले असताना याच कंपन्यांनी महिनोन्महिने तोट्यात पेट्रोल विकले आणि खासगी पंपांनी एकतर दर चढवला, नाहीतर नोझल बंद ठेवले. तेव्हाचा तोटा आता भरून काढला, असे कंपनीचा माणूस म्हणेल. किती भरून काढला की पुरे, हे कुणी ठरवलेले नाही, तेवढ्यापुरता मी आपल्या बाजूने आहे.

रामबागकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पोह्यांच्या बैठकीतील दोन्ही मित्रांना ही चर्चा छापून देणार आहे. दाहोदवाल्यांना ती फारशी आवडणार नाही.

सुदामानगरच्या लेकीचे उत्तर वाचून मी वहीतील नोंदी पुन्हा तपासल्या. प्रादेशिक कर गेला त्या चार दिवसांत मी रोज दोनदा दर टिपला आहे, कारण तो आकडा मला आधीच ठाऊक होता. कार्बनचा आकार त्याहून थोडा जास्त असूनही संपूर्ण वहीत त्याची एकही नोंद नाही. जावयांना काल फोनवर २.३ चे गणित सांगितले. त्यांनी ते लगेच करून पाहिले आणि काही वेळ काहीच बोलले नाहीत.

राऊच्या भाऊसाहेबांनी हिशेब माझ्यावर सोपवला आहे, तो असा. १०० लिटरवर दहा रुपये वाढ म्हणजे महिन्याला १००० रुपये. १४ मुलांकडून १५० प्रमाणे २१०० रुपये. दर उतरल्यानंतर खर्चातील वाढ ५० रुपयांवर आली, वसुली २१०० वरच राहिली. तेव्हापासून टायर, विमा आणि दुरुस्ती महागली असणार, ती यात धरलेली नाही. भाऊसाहेबांनी ते आकडे दिल्यास त्यांच्या बाजूचाही हिशेब मांडून देईन.

राऊची_व्हॅन

आकडे रविवारी देतो. विम्याची पावती घरी आहे.